जुन्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचे मेमरी-नियोजन

जुन्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचे मेमरी-नियोजन म्हणजे हिशेब, पगारपत्रक, बँक व्यवहार, मालसाठा, बंदरातील मालाची हाताळणी अशा कामांसाठी पूर्वी लिहिलेले सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालवताना मुख्य मेमरीचा किती वाटा त्या सॉफ्टवेअरला, किती त्याच्या डेटाबेसला आणि किती संचालन प्रणालीला म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला द्यायचा हे ठरवणे व त्यानुसार मांडणीतील मूल्ये बदलणे. मुख्य मेमरीला मराठीत स्मृती असेही म्हणतात. व्यवहारात रॅम हा शब्द रूढ आहे.

मेमरी वाढवली की वेग वाढतो, हा या विषयातील सर्वांत प्रचलित समज आहे. नव्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो पुष्कळदा खरा ठरतो. जुने सॉफ्टवेअर मात्र कित्येकदा एका घटकाला जास्त मेमरी दिल्यामुळेच बंद पडते, कारण त्याच्या पुढची अडचण रॅमच्या तुटवड्याची नसून पत्त्यांच्या मर्यादेची असते.

पार्श्वभूमी

मेमरी महाग होती त्या काळात प्रोग्रामर तिचा हिशेब आधीच मांडून ठेवत. डॉस प्रणालीत सामान्य प्रोग्रामला ६४० केबीच्या आत बसावे लागे. डीबेस किंवा फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम चालावा म्हणून एकाच वेळी किती फाइल उघडता येतील, कोणते साहाय्यक प्रोग्राम वरच्या मेमरीत ढकलायचे, हे सुरुवातीच्या मांडणी-फाइलीत लिहावे लागे. नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रातील पतसंस्था, दूध संघ, बाजार समित्या आणि लहान कारखाने संगणकाकडे वळले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचा पहिला परिचय याच प्रकारच्या सॉफ्टवेअरशी झाला. त्यातील काही प्रोग्राम यंत्रे बदलत गेली तरी टिकून राहिले. लिहिणारा माणूस निघून गेलेला असतो, मूळ प्रोग्रामची प्रत हरवलेली असते, आणि वीस वर्षांच्या ठेवींचे व्याज मात्र त्याच प्रोग्रामच्या सूत्राने निघत असते. बदलायचे तर सगळेच बदलावे लागेल, म्हणून मांडणीतील मूल्ये तेवढी बदलून काम चालवले जाते.

मेमरी अपुरी पडली तर संचालन प्रणाली मेमरीतील काही पाने डिस्कवर ठेवते आणि लागतील तेव्हा परत आणते. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या कार्यसंच सिद्धान्तानुसार प्रत्येक प्रोग्रामला ठरावीक काळात काही पाने सतत लागतात. तो संच मेमरीत मावला नाही तर यंत्राचा बहुतेक वेळ पानांची ने-आण करण्यातच जातो. मुख्य मेमरीतील नोंद वाचायला साधारण शंभर नॅनोसेकंद, तर फिरत्या डिस्कवरील नोंद वाचायला काही मिलिसेकंद लागतात. हा फरक काही दहा हजार पटींचा असल्याने मेमरी थोडीशीच कमी पडली तरी वेग थोडासा कमी होऊन थांबत नाही, तो कोसळतो.

ज्यांना हे परवडणारे नव्हते त्यांनी मेमरीचा विचार मूळ रचनेतच केला. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर सुरू केले. ‘नीट’ या नावाच्या त्याच्या प्रणालीत सर्व्हरवरील व्यवहारांची सगळी माहिती मेमरीतच राहणाऱ्या डेटाबेसात ठेवली जाई आणि ती प्रणाली स्ट्रॅटस कंपनीच्या दोषसहिष्णू संगणकावर चाले. बहुसंख्य कार्यालयांतील सॉफ्टवेअरला अशी रचना लाभलेली नसते. तेथे मागाहून वाटे पाडावे लागतात.

चार जीबीची सीमा

३२ बिटांच्या सॉफ्टवेअरला मेमरीतील जागेचा पत्ता ३२ अंकी द्विमान संख्येने लिहावा लागतो. अशा संख्या ४,२९,४९,६७,२९६ असतात, म्हणजे एका प्रोग्रामला जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंतच्या जागांचा उल्लेख करता येतो. या मर्यादेला त्या प्रोग्रामचे पत्ता-क्षेत्र म्हणतात. सर्व्हरमध्ये ६४ जीबी रॅम बसवली तरी पत्ता-क्षेत्र वाढत नाही. गावात नवी घरे बांधली, पण टपाल खात्याच्या वहीत तेवढ्या घरांना क्रमांकच नसले, तर पत्र कुठे टाकणार, अशी ही अडचण आहे.

३२ बिटांच्या विंडोजमध्ये या ४ जीबीपैकी २ जीबी प्रोग्रामला आणि २ जीबी संचालन प्रणालीच्या गाभ्याला अशी विभागणी असे. प्रोग्रामला ३ जीबी मिळावेत यासाठी विंडोज २००० आणि २००३ च्या सर्व्हर आवृत्त्यांत सुरुवातीच्या मांडणी-फाइलीत ‘३जीबी’ असा एक पर्याय लिहिता येई. त्याचा उपयोग होण्यासाठी ‘मोठे पत्ते समजतात’ अशी खूण प्रोग्रामच्या फाइलीत असणे आवश्यक होते. ती नसेल तर वाढलेला भाग वापराविना पडून राही. शिवाय प्रोग्रामला दिलेला तिसरा जीबी गाभ्याच्या वाट्यातून जात असे. गाभ्याची मेमरी आक्रसली की एकाच वेळी उघडी ठेवता येणारी नेटवर्क जोडणी आणि फाइली कमी होत. सर्व्हरवर रॅम मोकळी दिसत असूनही नव्या वापरकर्त्याला जोडणी नाकारली जाण्याचे हे एक नेहमीचे कारण होते.

इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरपासून भौतिक पत्ता ३६ बिटांपर्यंत वाढवण्याची सोय दिली, त्यामुळे यंत्रात ६४ जीबीपर्यंत रॅम बसवता येऊ लागली. ही सोय यंत्रासाठी होती. प्रत्येक प्रोग्रामचे पत्ता-क्षेत्र तेवढेच राहिले. फरक एवढाच की अनेक प्रोग्राम एकमेकांच्या वाट्यावर न उठता शेजारी नांदू शकले. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० ने एडब्ल्यूई या पद्धतीने जास्तीच्या रॅममध्ये खिडकी उघडून डोकावण्याची युक्ती वापरली. तीतून मिळालेली मेमरी केवळ डेटाची पाने साठवण्यासाठी वापरता येई. प्रश्नांच्या अंमलबजावणीचे आराखडे आणि प्रत्येक जोडणीची मेमरी जुन्याच मर्यादेत राहत. ‘आठ जीबी दिले तरी मेमरी अपुरी असल्याची चूक का येते’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा याच ठिकाणी सापडते. २०१२ च्या आवृत्तीत एडब्ल्यूई काढून टाकण्यात आले.

६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा प्रोग्राम चालवला आणि त्यावर वर सांगितलेली खूण असली, तर त्याला जवळजवळ पूर्ण ४ जीबीचे पत्ता-क्षेत्र मिळते. जुना प्रोग्राम न बदलता त्याला मिळणारा हा सर्वांत स्वस्त दिलासा आहे.

जावावर आधारित सॉफ्टवेअर

जावा भाषेची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली आणि पुढील दशकात बँका, विमा, बंदरे व सरकारी खाती यांचे बरेच व्यावसायिक सॉफ्टवेअर तीत लिहिले गेले. जावाचे आभासी यंत्र वस्तूंसाठी हीप नावाची राखीव जागा ठेवते. तिची कमाल मर्यादा सुरुवातीच्या आज्ञेतील एक्सएमएक्स या पर्यायाने आणि आरंभीचा आकार एक्सएमएस या पर्यायाने ठरतो. हीप म्हणजेच जावाची सगळी मेमरी असे समजल्याने अनेक चुका होतात. हीपच्या बाहेर प्रत्येक थ्रेडचा स्टॅक, वर्गांची माहिती, आभासी यंत्राचा स्वतःचा कोड आणि डेटाबेसशी बोलणारी काही ड्रायव्हर-फाइल यांनाही जागा लागते.

समजा, ३२ बिटांच्या विंडोजवर प्रोग्रामला २०४८ एमबीचे पत्ता-क्षेत्र आहे. हीपला १४०० एमबी दिले की ६४८ एमबी उरतात. वर्गांच्या माहितीसाठी १९२ एमबी, आभासी यंत्र आणि लायब्ररींसाठी १५० एमबी आणि प्रत्येकी ५१२ केबी स्टॅकच्या ४०० थ्रेडसाठी २०० एमबी धरले, तर खर्च ५४२ एमबी होतो. १०६ एमबी मोकळे राहतात आणि काम सुरळीत चालते. आता कोणी वेग वाढावा म्हणून हीप १६०० एमबी केला, तर बाहेर ४४८ एमबीच उरतात. त्यांतून वर्ग व लायब्ररींचे ३४२ एमबी वजा केले की थ्रेडसाठी १०६ एमबी राहतात, म्हणजे जेमतेम २१२ थ्रेड. सकाळी कार्यालय उघडल्यावर पहिले दोनशे लोक काम करू लागतात आणि त्यानंतरच्यांना ‘मेमरी संपली’ असा संदेश दिसतो. संदेश वाचून हीप आणखी वाढवला जातो आणि दुसऱ्या दिवशी मर्यादा आणखी लवकर येते. संदेशाच्या शेवटी ‘नवा थ्रेड निर्माण करता येत नाही’ असे लिहिलेले असते. तेवढे वाचले तर उपाय उलट दिशेने आहे हे लक्षात येते: हीप कमी करणे, स्टॅक लहान करणे किंवा थ्रेडची संख्या आवरणे. प्रत्यक्षात ३२ बिटांच्या विंडोजवर हीप १.४ ते १.६ जीबीच्या पुढे सहसा जात नसे, कारण त्याला सलग जागा लागे आणि मध्येच एखादी लायब्ररी ठाण मांडून बसलेली असे.

जावात न लागणाऱ्या वस्तू गोळा करण्याचे काम कचरा-संकलन करते. जुन्या संकलन पद्धतींत त्या वेळी प्रोग्रामचे सर्व थ्रेड थांबतात. हीप मोठा केला की संकलन क्वचित होते, पण होते तेव्हा जास्त वेळ घेते, कारण जिवंत असलेली प्रत्येक वस्तू तपासावी लागते. रात्रभर चालणाऱ्या व्याज-आकारणीला दहा सेकंदांचा थांबा जाणवतही नाही. खिडकीसमोर ग्राहक उभा असलेल्या रोखपालाला तो चांगलाच जाणवतो. म्हणून एकाच सर्व्हरवरील दोन कामांसाठी योग्य आकार वेगवेगळे निघू शकतात. सर्वांत वाईट अवस्था हीपचा काही भाग डिस्कवर गेल्यावर येते. संकलनाला हीपमधील पानापानाला स्पर्श करावा लागतो, त्यामुळे डिस्कवर गेलेले प्रत्येक पान परत आणावे लागते आणि काही सेकंदांचे काम मिनिटांवर जाते. हीप नेहमी प्रत्यक्ष रॅममध्ये पूर्ण मावेल एवढाच ठेवावा, हा नियम त्यामुळेच इतर बहुतेक नियमांपेक्षा महत्त्वाचा मानला जातो.

वर्गांच्या माहितीसाठी असलेला पर्मजेन हा स्वतंत्र विभाग मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ मध्ये काढून टाकला गेला व त्याची जागा मेटास्पेसने घेतली. जुन्या आज्ञेतील पर्मजेनचा आकार जावा ८ केवळ इशारा देऊन दुर्लक्षित करतो. मेटास्पेसला मर्यादा घातली नाही तर तो हीपबाहेरची मेमरी वापरत वाढत राहू शकतो, ही गोष्ट आवृत्ती बदलताना सुटून जाते.

६४ बिटांच्या जावावर गेल्याने पत्त्यांची अडचण संपते, मात्र प्रत्येक संदर्भ ४ ऐवजी ८ बाइटांचा झाल्याने तोच डेटा जास्त जागा व्यापतो. ३२ जीबीपेक्षा लहान हीपमध्ये आभासी यंत्र संदर्भ आकुंचित करून ४ बाइटांत ठेवते. म्हणून ३१ जीबीच्या हीपमध्ये कधी कधी ३४ जीबीच्या हीपपेक्षा अधिक वस्तू मावतात.

डेटाबेस

अनेक कार्यालयांत व्यावसायिक सॉफ्टवेअर आणि डेटाबेस एकाच सर्व्हरवर असतात. दोघांनाही शेजाऱ्याची जाणीव नसते. एसक्यूएल सर्व्हरची कमाल मेमरी मुळात जवळजवळ अमर्याद ठेवलेली असते. तो मागणीनुसार वाढत जातो आणि शेजारच्या प्रोग्रामला ओढाताण सोसावी लागते. अशा ठिकाणी पहिला बदल डेटाबेसची कमाल मर्यादा ठरवण्याचा असतो, बाकीचे नंतर.

ओरॅकलमध्ये सर्वांनी मिळून वापरायची एसजीए आणि प्रत्येक जोडणीची पीजीए असे दोन भाग असतात. जुन्या आवृत्त्यांत क्रमवारी लावण्याची जागा दर जोडणीमागे ठरवली जाई. ती १० एमबी ठेवली आणि दोनशे जोडण्यांनी एकदमच अहवाल मागितला, तर २००० एमबी केवळ क्रमवारीसाठी जातात. ओरॅकल ९आय पासून सगळ्या जोडण्यांसाठी मिळून एक लक्ष्य सांगता येऊ लागले. जुन्या मांडणी-फाइली नव्या आवृत्तीवर जशाच्या तशा नेल्याने ही दर-जोडणी मूल्ये पुढेही कित्येक वर्षे टिकून राहिलेली आढळतात.

लिनक्सवर आणखी एक खर्च डोळ्याआड राहतो. मेमरीची पाने सामान्यतः ४ केबींची असतात. ८ जीबीच्या एसजीएची २०,९७,१५२ पाने होतात आणि प्रत्येकाच्या नोंदीला ८ बाइट लागत असल्याने तिला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेच्या पानांच्या तक्त्याला १६ एमबी लागतात. तीनशे प्रक्रिया असतील तर ४८०० एमबी निव्वळ तक्त्यांत गेले. २ एमबींची मोठी पाने वापरली तर हाच तक्ता प्रत्येक प्रक्रियेमागे सुमारे ३२ केबींचा होतो. ओरॅकल ११जी मधील संपूर्ण स्वयंचलित मेमरी-व्यवस्थापन मात्र या मोठ्या पानांबरोबर चालत नाही, दोहोंपैकी एक निवडावे लागते. मोठ्या एसजीएसाठी पानांची निवड बहुधा हिताची ठरते.

फॉक्सप्रो आणि टर्मिनल सर्व्हर

व्हिज्युअल फॉक्सप्रोची ९ ही शेवटची आवृत्ती २००४ मध्ये आली आणि पुढील आवृत्ती काढणार नसल्याचे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केले. तरीही त्यातील प्रोग्राम वापरात राहिले, बहुधा एका टर्मिनल सर्व्हरवर अनेक वापरकर्त्यांसाठी. फॉक्सप्रो सुरू होताना यंत्रातील रॅम पाहून स्वतःच्या बफरचा आकार ठरवतो. एका टेबलावरच्या एका संगणकासाठी हे सोयीचे होते. टर्मिनल सर्व्हरवर तीस जणांनी प्रोग्राम उघडला की तीसही प्रती सगळे यंत्र आपलेच आहे असे गृहीत धरतात. सिस ३०५० या फलनाने प्रत्येक प्रतीचा बफर मुद्दाम लहान करणे हा येथील रूढ उपाय आहे. बफर लहान झाल्याने प्रत्येकाचा वेग घटेल ही भीती सहसा खरी ठरत नाही. त्याच फाइलींची पाने संचालन प्रणालीच्या सामायिक साठ्यात राहतात आणि तीसही जणांना तेथून मिळतात.

गरजेचा अंदाज: वाढवण बंदराचे उदाहरण

कोणत्या आकड्यावरून मेमरी ठरवायची याबाबत घोटाळा होतो. वार्षिक उलाढाल पाहून सर्व्हर विकत घेतला जातो, पण मेमरीत राहतात त्या चालू नोंदी. पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील वाढवण येथील नियोजित बंदराच्या आकड्यांवरून हे स्पष्ट होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजूर केलेल्या या ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाची नियोजित कंटेनर-क्षमता वर्षाला २ कोटी ३२ लाख टीईयू आहे. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या प्रमाणात केलेले मोजमाप. (मच्छीमार आणि स्थानिक रहिवाशांचा या प्रकल्पाला असलेला विरोध हा स्वतंत्र विषय आहे.)

कंटेनर हाताळणारे सॉफ्टवेअर आवारातील प्रत्येक पेटीची जागा, वजन, जहाज आणि सीमाशुल्काची स्थिती सांभाळते. ती माहिती मेमरीत असली तरच दारावरच्या ट्रकला लगेच उत्तर मिळते. वरील क्षमता ३६५ दिवसांत विभागली तर दिवसाला सुमारे ६३,५०० एकक येतात. उदाहरणापुरते असे गृहीत धरू की प्रत्येक एकक तीन दिवस आवारात राहते आणि त्याच्या नोंदीला मेमरीत ४ केबी लागतात. मग एका वेळी सुमारे १ लाख ९० हजार नोंदी जिवंत असतील आणि त्यांना साधारण ७४५ एमबी लागतील. संपूर्ण वर्षाच्या नोंदी मेमरीत ठेवायच्या म्हटल्या तर हाच आकडा ८८ जीबींवर जातो. नियोजनाचा आधार म्हणून पहिला आकडा उपयोगाचा आहे, दुसरा नव्हे. वादळामुळे किंवा संपामुळे मुक्काम तीनावरून सहा दिवसांवर गेला तर उलाढाल घटूनही मेमरीची गरज जवळपास दुप्पट होते, हेही यावरून दिसते. वाढवणचे सॉफ्टवेअर नव्याने उभारले जाईल, त्यामुळे १.५ जीबी हीपचा प्रश्न तेथे पडणार नाही. पण मुंबईजवळचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, आणि त्या पिढीतील बंदरांनी आपली संगणकीकृत कामे ३२ बिटांच्या काळातच उभी केली.

मोजमाप

मूल्य बदलण्यापूर्वी मोजणे आवश्यक आहे, आणि ते गर्दीच्या वेळी. पतसंस्थेत ३१ मार्चची संध्याकाळ, कारखान्यात पगाराचा दिवस. एरवीच्या दुपारी घेतलेले आकडे दिशाभूल करतात. विंडोजवर प्रोग्रामने प्रत्यक्ष घेतलेली मेमरी आणि त्याने अडवलेले पत्ता-क्षेत्र हे दोन वेगळे आकडे दिसतात; ३२ बिटांच्या प्रोग्रामसाठी दुसरा अधिक महत्त्वाचा असतो. लिनक्सवर ‘मोकळी’ मेमरी जवळजवळ शून्य दिसली तरी ते तुटवड्याचे लक्षण नव्हे, कारण उरलेली रॅम फाइलींच्या साठ्यासाठी वापरली जाते आणि मागणी आली की सोडली जाते. ‘उपलब्ध’ या रकान्यातील आकडा आणि डिस्कवर पानांची सतत चाललेली ये-जा, या दोहोंवरून खरी स्थिती कळते.

जावात कचरा-संकलनाची नोंदवही चालू ठेवल्यास प्रत्येक पूर्ण संकलनानंतर किती मेमरी व्यापलेली उरते हे समजते. ही तळाची पातळी दिवसभर स्थिर असेल तर हीपचा आकार तिच्या काही पट ठेवता येतो. ती दर तासाला वर सरकत असेल तर प्रोग्राममध्ये गळती आहे. तेव्हा हीप वाढवल्याने बंद पडण्याची वेळ दुपारऐवजी मध्यरात्रीवर जाते, इतकेच. मूळ कोड हाती नसेल तर प्रोग्राम रोज रात्री बंद करून पुन्हा सुरू करण्याचा मार्ग अवलंबिला जातो. तो शोभिवंत नाही, पण प्रामाणिक आहे, आणि दिवसाचा हिशेब पूर्ण झाल्यावर केला तर सुरक्षितही. एका वेळी एकच मूल्य बदलावे व जुने मूल्य तारखेसह लिहून ठेवावे, अन्यथा सुधारणा कशाने झाली ते कळत नाही.

आभासी यंत्रे आणि कंटेनर

जुना सर्व्हर मोडकळीस आला की त्यावरील सॉफ्टवेअर आभासी यंत्रात हलवले जाते. मूळ यंत्रावर मेमरी आपली एकट्याची होती. येथे ती अनेक आभासी यंत्रांत वाटलेली असते आणि व्यवस्थापक प्रणाली टंचाईच्या वेळी आतल्या प्रणालीला फुग्यासारखा फुगणारा एक प्रोग्राम चालवायला लावून मेमरी परत घेते. मोठा हीप असलेल्या जावा प्रोग्रामला हे विशेष त्रासाचे ठरते, म्हणून अशा यंत्राला पूर्ण मेमरी राखीव ठेवणे इष्ट असते.

सॉफ्टवेअर-कंटेनरमध्ये अडचण निराळी आहे. आकार सांगितला नसेल तर जावा हीपची मर्यादा यंत्रातील रॅमच्या चौथ्या हिश्शाएवढी धरते. जावा ८ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना कंटेनरची मर्यादा दिसत नसे. त्या मूळ यंत्राची रॅम पाहत. ६४ जीबीच्या यंत्रावर २ जीबीची मर्यादा घातलेल्या कंटेनरमध्ये असा प्रोग्राम १६ जीबीपर्यंत वाढण्याच्या तयारीने सुरू होतो आणि २ जीबी ओलांडताच लिनक्सचा गाभा त्याला तत्काळ बंद करतो. जावाच्या स्वतःच्या नोंदवहीत त्याचा मागमूस राहत नाही. कारण शोधायचे तर गाभ्याची नोंदवही पाहावी लागते. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या ८ यू १९१ या आवृत्तीपासून कंटेनरची मर्यादा ओळखली जाते. त्याआधीच्या आवृत्तीवरच थांबणे भाग असेल तर एक्सएमएक्स स्पष्ट लिहावा आणि कंटेनरची मर्यादा त्याहून काही शे एमबी जास्त ठेवावी, कारण थ्रेडचे स्टॅक आणि मेटास्पेस त्या मर्यादेत मोजले जातात, हीपमध्ये नाहीत.